तुळशीरामभाऊंचा उपाशी भुईमूग

कुणाच्याही वावरात भुईमूग दिसला की आमच्या शेजारच्या तुळशीरामभाऊंचे हात शिवशिवत. विचारणं नाही, सवरणं नाही, झाड सर्रकन उपटायचं, अंगठ्याने शेंग फोडायची आणि मालकाच्या तोंडावर निकाल सांगायचा, "उपाशी हाय बिचारी! जेवू घाला न तिले!" भाऊ येताना दिसले की अख्खं अल्लीपूर आपापल्या वावराच्या धुऱ्यावर राखणीला उभं राही.

बाकीची पिकं देवाच्या भरवशावर वाढतात, भुईमुगाला मात्र जेवण लागतं, असं भाऊंचं ठाम मत. त्यातून आमची जमीन कोरडवाहू, पाऊस लहरी. म्हणून भाऊ वर्षभर घरोघर चुलीतली राख मागत फिरत. कुणी बाई राखेने भांडी घासताना दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. "अवं माय, अन्नानं भांडे काऊन घासून राह्यली?"

ग्रामसेवकाने सरकारी खताचं एक पोतं दिलं, तेव्हा तर कहरच झाला. भाऊंनी ते खाटेखाली ठेवलं आणि आल्यागेल्याला चिमूटभर हुंगायला देऊ लागले. घरात बोलणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती इंदू वडनेरला दिलेली.

घोळ झाला तो वडनेरलाच. दसऱ्याचं सोनं द्यायला गेलेल्या भाऊंनी सोनं राहिलं बाजूला, व्याह्यांच्या वावरातली झाडंच उपटली! वर चारचौघांत म्हणाले, "पोचट! उपाशी मारता तुमी हिले." विहीणबाईंनी त्या दिवसापासून इंदूचं माहेर बंद केलं. पुढे उन्हाळ्यात इंदूला दिवस गेले, तरी पहिलटकरणीला माहेरी धाडायचं नाव नाही. भाऊंनी कुणाच्या वावरात पाय टाकणं सोडलं. लोकांची झाडं वाचली, पण आम्हाला काही ते बरं वाटेना.

पेरणीच्या तोंडावर भाऊंनी बैलबंडी जुंपली. वर्षाची सगळी राख आणि त्यावर ते लाडकं पोतं.

"कुठं निघाले, भाऊ?"

"वडनेरले. लेकीच्या वावराचं जेवण घेऊन."

दुसऱ्या दिवशी रिकामी बंडी घेऊन परतले. विहीणबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. जावयाबरोबर खत वावरात टाकून आले होते.

दिवाळीच्या आधी भाऊंचा स्वतःचा भुईमूग निघाला आणि गावाला उधाण आलं. अंगणात ढीग, आणि निम्म्या शेंगा पोचट! आयुष्यभर गावाला नावं ठेवणाऱ्याची अशी फजिती कोण सोडणार? सर्वांत आधी मीच धावलो.

"काय भाऊ!" मी दारातूनच ओरडलो. "यंदा खत विसरले का काय?"

भाऊ धावत आले आणि माझ्या तोंडावर हातच ठेवला. हाताला तुपाचा वास येत होता.

"हळू बोला न, मास्तर," ते कुजबुजले. डोळे भरून आले होते, आणि हसतही होते. "वडनेरची शेंग भरली. विहीणबाई सोता इंदूले पोचवून गेल्या. आत्ताच डोळा लागला तिचा."