अकरा वर्षांची यादी आणि काचेतले साहेब

साहेब, दोष तुमचा आहे. कारणे दाखवा नोटीस दिलीत ना? मग कारण पहिल्याच ओळीत दाखवून टाकलं.

चाचणीसाठी वेगळं मशीन मी तीनदा मागितलं. "आहे त्यावरच हात साफ कर," म्हणालात. आहे ते म्हणजे ऑफिसचं दार उघडणारं मशीन. केला हात साफ.

दार हल्ली फार विचारी झालं होतं. कार्ड दाखवलं की चार सेकंद घुटमळायचं. मी छाती ठोकून सांगितलं, "पाच मिनिटांचं काम." सगळं स्वतः शिकलोय, कुणाच्या बापाकडे क्लास लावला नाही. दाराच्या प्रोग्रॅमला डीबगर जोडला. हे अवजार चालता प्रोग्रॅम मध्येच गोठवतं आणि त्याच्या पोटात काय आहे ते दाखवतं. मी गोठवला. नेमके तेव्हाच तुम्ही घरी निघाला होतात आणि काचेच्या दोन दारांच्या मधे होतात. मागचं लागलं होतं, पुढचं उघडायचं होतं.

पोटात निघाली यादी. नऊशे माणसांचं अकरा वर्षांचं येणंजाणं. "काही पुसायचं नाही" हा हुकूमही तुमचाच. मला बघायचा होता फक्त एक आकडा. पण डीबगरचा स्वभाव माझ्या आत्याचा. तिच्याकडे एक फोटो मागा, ती आधी अख्खी ट्रंक पलंगावर ओतते. मधे "राहू दे आत्या" म्हणायची सोय नाही. पुढे चला, थांबा, बंद करा, सगळी बटणं बधिर.

सफाईवाल्या मावशी काचेपाशी गेल्या. "अरे, साहेब आतून काहीतरी म्हणतायत."

"काय?"

"ऐकू येत नाही. पण तुझ्याबद्दलच असणार, तोंड बघ."

"मावशी, दाराची चावी कुठंय?"

"साहेबांच्या खणात."

"आणि खणाची?"

"साहेबांच्या खिशात."

"काचेखालून सरकवायला सांगा की."

"फट ठेवू नका, धूळ येते, असं साहेबच म्हणाले होते."

वॉचमनकाका म्हणाले, "प्लग ओढू?"

"ओढा. मग दार कुलूपवाला आल्यावरच उघडेल."

कुलूपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या.

चाळीस मिनिटं! अख्खं ऑफिस काचेभोवती जमलं. तुम्ही आधी ओरडलात, मग हातवारे केलेत, शेवटी बॅगेवर बसलात. मावशींनी बाहेरून काच पुसून दिली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. मग एकदाची यादी उघडली, दार सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली: "ऑफिसच्या वेळेचा अपव्यय केल्याबद्दल कामावरून का काढू नये?"

माझं पाप लपवत नाही. दारही उघडण्याआधी दरवेळी तीच अख्खी यादी वाचत होतं. तो भाग मी लिहिलेला. आत्याचाच भाचा! दोन ओळींत दुरुस्त केला. डीबगरमध्ये "सगळं आपोआप दाखव" अशी एक खूण असते, ती काढली असती तर तुम्ही वेळेवर घरी पोचला असता. ती खूण मला नंतर दिसली.

पण एवढी ट्रंक ओतलीच होती, म्हणून वाचली. तुमची ओळ सापडली. येणं साडेअकरा, जाणं सव्वादोन. अकरा वर्षं, रोज. फक्त त्या एका दिवशी जाणं दोन पंचावन्न.

म्हणजे साहेब, अकरा वर्षांत तुम्हाला ऑफिसात जास्तीची चाळीस मिनिटं बसवून दाखवणारा माणूस मी एकटा. त्याला कामावरून का काढायचं? लेखी उत्तर द्या, सहीसकट. मावशीही विचारतायत.