साबणशेंगेची खीर

साबणशेंगेने आम्ही कपडे धुतो आणि तिच्या आतल्या बियांची खीर करतो. ही खीर आमच्या अख्ख्या गावात माझ्यासारखी कुणाला जमत नाही. असं मीच म्हणते, कारण बाकीचे कधी म्हणत नाहीत.

तर आमच्या लेकीला, च्याओयुनला, बघायला लुओ मंडळी येणार होती. पोरांचं एकमेकांवर मन बसलेलं, अडलं होतं ते फक्त मुलाच्या वडिलांच्या होकारावर. म्हटलं, खिरीतच गार करते त्यांना. बिया दुप्पट टाकल्या, चमचा उभा राहीपर्यंत खीर आटवली.

"अगं, ही खीर आहे की खळ?" आमचे हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. विचारलं तर पोरीने केली म्हणून सांगा."

जेवणं झाली. लुओबाई पोरांना घेऊन अंगणातल्या काटेरी झाडाच्या साबणशेंगा बघायला गेल्या. मुलाच्या वडिलांनी, लुओभाऊंनी, खिरीचा मोठा घास घेतला आणि गप्पच झाले.

"मुलगी कशी वाटली, भाऊ?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे मिटले, मान मागे गेली.

"गेले!" हे ओरडले आणि साबणशेंगेची पूड आणायला धावले. चिमूटभर नळीने नाकात फुंकली की शिंकेसरशी बेशुद्ध माणूस उठून बसतो. ह्यांनी घाबरून अर्धी वाटी फुंकली.

लुओभाऊ असे शिंकले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. पाठोपाठ हे शिंकले, मी शिंकले, आणि माझ्या मांडीवर काहीतरी येऊन पडलं. बघते तर लुओभाऊंची नवीकोरी कवळी, वरची-खालची खिरीने घट्ट चिकटलेली! बिचाऱ्यांना तोंडच उघडता येत नव्हतं.

माणूस जिवंत होता. मला रडूच आलं. पण सोयरीक मोडली, हे कळून चुकलं.

लुओभाऊंनी डोळे पुसले आणि बोळक्या तोंडाने विचारलं, "खीर मुलीने केली?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "नाही हो, मी केली."

"तिला येते का अशी?"

"छे! ती माझं काही ऐकतच नाही."

"हुश्श," लुओभाऊ म्हणाले. "मग मुलगी पसंत आहे."

लग्न थाटात झालं. मला मात्र कुणी चुलीच्या जवळ फिरकू दिलं नाही. विहिणीने दिवसभर हात धरून शेजारी बसवून ठेवलं, आणि गावाला वाटलं, केवढा हा मान!