बावीसची नळी आणि आर्डिथचा ओव्हन

ओव्हन दोनशेवर लावायचा का अडीचशेवर, एवढाच प्रश्न होता. मी अडीचशेवर लावला. कामाला लागलोच आहोत तर पन्नासानं काय होतंय, असं माझं म्हणणं. (ह्या म्हणण्यापायी आजवर माझं एक कुंपण, एक ट्रॅक्टर आणि डावी भुवई गेलीय. भुवई परत आली, ट्रॅक्टर नाही.)

तर त्या पन्नासापायी अख्ख्या गावानं माझं स्वयंपाकघर आतनं बघितलं.

मी ड्वेन क्लिंगर. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात लाकडं चिरायच्या गिरणीत करवतीवर असतो. शाळा मी आठवीत सोडली. शाळेनंच तुला सोडलं, असं आर्डिथ म्हणते. आर्डिथ म्हणजे माझी बायको.

मला दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. नाद एकच. आता तो समजायला जरा ऐकून घ्या. जुन्या लढाईतल्या ज्या बंदुका असतात, त्यांचा बार काढला की खांद्यावर घोडं लाथ मारतंय. म्हणून पूर्वी शिपायांना स्वस्तात सराव करता यावा अशी एक सोय काढलेली. मोठ्या नळीच्या पोटात सरकवायची एक बारीक नळी, आणि मागं बसवायचा छोटा बोल्ट, गोळीच्या बुडावर ठोका देणारा. मग त्याच दांडग्या बंदुकीतनं बावीसची गोळी उडते. करंगळीच्या पेराएवढी. हिला रिमफायर म्हणतात, कारण हिच्या बुडावर मधोमध ठोकून काही होत नाही. ठोका कडेवर बसला तरच बार. असले नळी-बोल्टाचे संच मी गोळा करतो.

माझ्याकडं सात-आठ संच आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या बंदुका माझ्याकडं नाहीत. (माणूस घोडं नसताना खोगिरं जमवतोय म्हणा ना.) त्यातली एक नळी आर्डिथनं न्हाणीघराच्या पडद्याला दांडा म्हणून लावली होती. दोन वर्षं मला पत्ता नाही. रोज त्याच पडद्यामागं आंघोळ करत होतो.

आता खरी गोष्ट. आमच्या गावचं अग्निशमन दल बिनपगारी आहे. करवतवाले, शेतकरी, न्हावी, असे आम्हीच सगळे. दलाला पैसा लागतो म्हणून दर शरद ऋतूत दलाच्या हॉलमागच्या माळावर टर्की शूट असतो, म्हणजे नेमबाजी. टर्की म्हणजे थोराड कोंबडीसारखा पक्षी, पण त्याला कुणी हात लावत नाही. कागदावर नेम धरायचा, जिंकला त्यानं टर्की घरी न्यायची, हॉलमध्ये बसून पाय खायचा. (पाय म्हणजे सफरचंद भरून भाजतात तो, लंगडीचा नव्हे.) लग्न झाल्यापासनं मी आणि आर्डिथ त्या रांगेत शेजारीशेजारी उभं राहायचो. तिच्या हातात तिच्या बापाची, एल्वुडची, लढाईतली बंदूक. ती मारायची, मी चुकायचो. मग मी वाऱ्याला शिव्या द्यायचो आणि ती म्हणायची, "वारा माझ्याकडं पण होता."

गेल्या हिवाळ्यात ती पायरीवरच्या बर्फावर घसरली आणि खांदा मोडला. आत धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाला, सगळं करा पण खांद्याला धक्का नको. त्या दिवशी तिनं बापाची बंदूक पुसली, भिंतीवर टांगली, आणि मला म्हणाली, "यंदा मी भांडी विसळायला येईन."

एवढंच. रडली नाही, काही नाही. पण त्यानंतर ती त्या भिंतीकडनं जाताना मान दुसरीकडं वळवायची. बाई स्वतःच्या घरात मान वळवून चालतीय, हे मला बघवेना.

मला गोड बोलता येत नाही. बोलायला गेलो की ओरडल्यासारखं होतं. कुत्र्याला "शहाणा रे" म्हणलं तरी ते पलंगाखाली जाऊन बसतंय. मग मी मर्लला फोन केला. मर्ल जुन्या बाजारात फिरणारा माझा दोस्त. म्हणलं, एल्वुडच्या बंदुकीला बसणारा संच कुठनं पण पैदा कर. उन्हाळाभर हिंडला बिचारा, आणि एका मेलेल्या सार्जंटच्या गोठ्यातनं घेऊन आला. शूटला आठवडा राहिला असताना.

माप घ्यायला मी बंदूक भिंतीवरनं काढली आणि शेडमध्ये घोंगडीखाली ठेवली. संध्याकाळी आर्डिथ दारात.

"ड्वेन, बाबांची बंदूक कुठाय?"

"मर्लकडं." (दुसरं सुचेना.)

"मर्लकडं काय करतीय ती?"

"बघतोय तो."

"बघून काय करणार?"

"मग देणारय मला."

"काय देणारय?"

"नळी," मी म्हणलं. तोंडातनं गेलंच.

ती दाराला धरून उभी राहिली. "बाबांची बंदूक देऊन तू नळी आणतोयस? अजून एक नळी?"

आता नाही म्हणावं तर सगळंच सांगावं लागतंय, आणि हो म्हणावं तर मेलोच. म्हणून मी ओरडलो. "माझ्या घरात मला नळी आणायची चोरी आहे का?" असं काहीतरी ओरडलो. ओरडताना पण कळत होतं की हे चुकतंय. पण माझं ओरडणं म्हणजे उतारावरचा ओंडका, एकदा सुटला की खाली जाऊनच थांबतो.

ती उलटून ओरडली असती तर मिटलं असतं. ती प्लीज म्हणायला लागली. "प्लीज मीठ देतोस का?" "प्लीज बूट बाहेर काढ." आमच्या घरात प्लीज हा शब्द फक्त पाद्री जेवायला आला की निघतो. चार दिवस मी पाद्री होतो.

शनिवारी ती दलाच्या हॉलमध्ये पाय करायला गेली. बाकीच्या बायका पण तिथंच. घर मोकळं. मी संच काढला. आता लष्करानं त्याला गंज लागू नये म्हणून तपकिरी वंगण फासलेलं, ते इतक्या वर्षांत गोठून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. खरवडून निघेना. ह्याला उपाय आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ओव्हनमध्ये ठेवायचं, वितळून खाली गळतं. सगळेच करतात. बायको घरात नसताना करतात, एवढंच.

खाली ताट ठेवतात, हे मात्र मला मर्लनं नंतर सांगितलं.

मी नळी जाळीवर ठेवली, अडीचशे लावले, आणि मागं शेडमध्ये जाऊन ग्राइंडर चालू केला. बोल्टाची एक कड किंचित घासायची होती. ग्राइंडरच्या आवाजात मला माझंच शिव्या देणं ऐकू येत नाही, तर घरातला धुराचा भोंगा काय ऐकू येणार. तिकडं वंगण थेंब थेंब लालभडक कॉइलवर गळतंय. समोरच्या थेल्मा बोर्डनरबाईंनी माझ्या खिडकीतनं काळा धूर बघितला आणि दलाला फोन लावला.

माझ्या कमरेचा वायरलेस खरखरला. "खर्रर्र... स्वयंपाकघरात धूर... खर्रर्र... रोड. सगळ्यांनी या."

पंचवीस वर्षांची सवय. ग्राइंडर बंद केला, ट्रकमध्ये उडी मारली, आणि सुटलो. आमची शेड घराच्या मागं, गाडीची वाट शेडकडनंच बाहेर जाते, स्वयंपाकघर पलीकडच्या अंगाला. वर मी इतका जोरात निघालो की मागं बघायचं भान कुणाला. हॉलला पोचलो. बूट चढवले, कोट चढवला, टोप घातला, बंबावर चढलो आणि ओरडलो, "चला रे! बसलाय काय मढ्यासारखे? कुणाच्या बायकोनं काय करपवलं?"

कुणी हलेना. फ्लॉइड, आमचा चीफ, स्टिअरिंगवर बसून माझ्याकडं बघत होता.

"ड्वेन."

"काय?"

"तुझ्या."

"माझ्या काय?"

"तुझ्या बायकोनं काही करपवलं नाही. ती तिथं उभी आहे."

आर्डिथ हॉलच्या स्वयंपाकघराच्या दारात होती. कोपरापर्यंत पीठ. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या टोपाकडं. म्हणाली, "तू आपलं घर जळत असताना तिथनं निघून इकडं आलास?"

"बंब आणायला!" मी म्हणलं. (बरोबरच होतं की. बंब इकडंच असतो.)

ती फ्लॉइडच्या शेजारी चढून बसली. मी मागं लटकलो. आमच्याच वाटेनं भोंगा वाजवत आम्ही आमच्याच घरी गेलो.

जळलं काही नव्हतं. धूर तेवढा होता. दार उघडं होतं तरी त्यांनी ते कुऱ्हाडीनं फोडलं. (कुऱ्हाड नवी आलेली.) फ्लॉइड चिमट्यात जाळी धरून अंगणात आला. जाळीवर नळी, नळीतनं धुराची रेघ.

"ड्वेन, हे फुटतंय बिटतंय का?"

"पडद्याचा दांडा आहे तो," आर्डिथ म्हणाली. "ह्याला तेच लागतात."

पण मग ती वाकली. नळीच्या बुडावर नंबर असतो, कुठल्या बंदुकीची ते सांगणारा. एल्वुडच्या पोरीला तो वाचता येतो. तिनं वाचला. परत वाचला.

"ड्वेन, हे बाबांच्या बंदुकीचं आहे."

"मग कुणाच्या असणार!" मी ओरडलो. सगळं दल उभं होतं, थेल्माबाई झग्यात उभ्या होत्या, आणि माझा ओंडका सुटला. "विकलेली नाही ती! शेडमध्ये आहे, घोंगडीखाली! ही घातली की धक्का बसत नाही! मांजर शिंकल्यासारखा आवाज येतो फक्त! तू त्या भिंतीकडं बघत नाहीस ते मला दिसत नाही का? मी काय आंधळा आहे? भांडी विसळतीय म्हणे! मला तिथं शेजारी कोण आहे? फ्लॉइड? फ्लॉइडच्या शेजारी उभं राहू मी?"

"माझं काय वाईट आहे?" फ्लॉइड म्हणाला.

"तू गप!"

आर्डिथनं पिठाचा हात माझ्या कोटावर ठेवला. मी थांबलो. कसा थांबलो माझं मलाच कळलं नाही.

"एवढं बोंबलून सांगायचं होतं," ती म्हणाली, "तर चार दिवसांपूर्वी बोंबलायचं. मी उगीच प्लीज प्लीज करत बसले. जीभ दुखली माझी." आणि ती शेडकडं गेली. मी मागनं निघालो, तर फ्लॉइडनं माझी कॉलर धरली. "येड्या, तिला एकटीला जाऊ दे जरा."

ती बऱ्याच वेळानं आली. बंदूक उराशी धरलेली. नाक लाल. मी म्हणलं धुरानं झालं असेल, आणि ती म्हणाली, हो, धुरानंच.

दुसऱ्या दिवशी ती बावीसच्या रांगेत उभी राहिली. त्या रांगेत नवशिके, म्हातारे आणि शाळकरी पोरीच असतात. मी पण माझी साधी बावीस घेऊन तिच्या शेजारी. माझ्या डाव्या हाताला एक दात पडलेली पोरगी होती, ती म्हणाली, "आजोबा, तुमची रांग तिकडं आहे." मी तिला जे म्हणणार होतो ते आर्डिथच्या डोळ्याकडं बघून गिळलं.

"भरा," फ्लॉइड ओरडला. आर्डिथनं बंदूक उचलली. खांद्याला लावली. मी श्वास धरला. तिनं चाप ओढला.

टक.

नुसतं टक. आर्डिथ नळी माळाकडंच रोखून थांबली. थांबायचं असतं, बार कधी कधी उशिरा उडतो. मग बोल्ट उघडला, गोळी काढली, आत डोकावून बघितलं.

"ड्वेन, नळीवरची खूण कुठं ठेवलीस?"

"खाली."

"वर ठेवायची असती."

मी नळी उलटी बसवलेली. ठोका कडेवर बसायच्या ऐवजी भलतीकडंच जात होता. "ठोक्याची जागा कळत नाही तुला," ती हळूच म्हणाली, "पण ठोकतोस मात्र मन लावून." तिनं नळी फिरवली, परत भरली, परत खांद्याला लावली.

टप्.

मांजर शिंकल्यासारखं. खांदा हलला पण नाही. ती जागच्या जागी एकदा हसली, स्वतःशीच, गाल बंदुकीच्या लाकडाला टेकलेलाच. गेल्या वर्षीच्या बर्फानंतर तिचं ते हसू मी बघितलं नव्हतं. टप्. परत हसली. मी बघतच राहिलो. पाच गोळ्या मारायच्या असतात हे पण डोक्यातनं गेलं. फ्लॉइड ओरडला, "ड्वेन, मारतोस का पाय खायला जाऊ?" तेव्हा घाईघाईनं मारल्या. कुठं बघून मारल्या, देवाला ठाऊक.

कागद आणले. फ्लॉइडनं माझा मोजला. चार भोकं. परत मोजला. चारच. मग आर्डिथचा मोजला. सहा.

पाच भोकं काळ्या गोलात, एका ताटलीत मावतील अशी. सहावं पार कोपऱ्यात, कागद जिथं खांबाला ठोकतात तिथं, खिळ्याला चिकटून. रांगेतले सगळे गोळा झाले. फ्लॉइडनं ते कोपऱ्यातलं भोक बघितलं आणि कुणाचं ते विचारलंसुद्धा नाही. टर्की आर्डिथला दिली.

तो कागद तिनं भिंतीवर लावलाय, बंदुकीखाली. घरी कुणी आलं की विचारतं, पाच एवढी नेमकी आणि ते सहावं तिकडं कसं गेलं? आर्डिथ कॉफी ओतता ओतता, मान न वळवता सांगते, "ती पाच माझी. आणि ते एवढी जागा असून बाहेर गेलंय ना, ते आमचं येडं."