अब्बासभाईंची अकरा घरं

अब्बासभाई परकार उंचीला सव्वापाच फूट. आमच्या खोलीचं दार सात फूट. तरी हा माणूस आत येताना मान खाली घालून वाकून यायचा. पहिल्यांदा वाकले तेव्हा मला वाटलं, कंबर धरलीय. मी न विचारता शर्ट वर करून त्यांच्या पाठीला बाम चोळायला घेतला.

"काय करतोस रे बाळ्या?"

"भाई, वाकताय ना तुम्ही!"

"अरे, सवय लावतोय. तिकडची दारं बुटकी असतात."

तिकडची म्हणजे इंग्लंडातली. आता भाई इंग्लंडात कधी गेले होते? कधीच नाही. दापोलीहून जे निघाले ते थेट बर दुबईतल्या आमच्या खोलीत. ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची.

भाई एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिल्डिंगांची मॉडेलं बनवायचे. दुबईत टॉवर उभा राहायच्या आधी पुठ्ठ्याचा टॉवर भाईंच्या हातातून उभा राहायचा. त्यांचा गोरा साहेब रिटायर होऊन गेला, तेव्हा बाकीच्यांना घड्याळं देऊन गेला आणि भाईंना एक पातळ पुस्तक. साहेबाच्या गावात अकरा जुनी घरं, त्यांची चित्रं आणि एकेका घराची हकीकत. मी म्हटलं, "भाई, तुम्हाला गंडवलं." मी चौथी नापास. मला पुस्तक म्हणजे शिक्षाच वाटायची.

भाईंनी मात्र डिक्शनरी आणली, एकेक ओळ लावली आणि ते गाव पुठ्ठ्यात बांधायला घेतलं. एक प्लायवूडची फळी, तिच्यावर गाव, आणि गाव पलंगाखाली. शुक्रवारी नमाज झाली, बिर्याणी झाली, की फळी बाहेर. मग आम्हाला गावच्या खबरा.

"लोहाराचं घर डावीकडं कललंय रे. पण पडत नाय."

"मग पाडून नवं का बांधत नाहीत?"

हे मी बोलायला नको होतं.

"साडेतीनशे वर्षं, बाळ्या! हे घर उभं राहिलं तेव्हा रायगडाचं काम निघालं नव्हतं. आणि तिथं आपल्याच घराची खिडकी बदलायची तरी सरकारची परमिशन लागते!"

"इथं तरी काय, खिडकी उघडायची तर शेट्येची परमिशन लागते."

शेट्ये मालवणचा, कार्गोत कामाला. खिडकीखालचा पलंग त्याचा. त्यानं मला उशी फेकून मारली. मी चुकवली, ती शाळामास्तरांच्या घरावर पडली. शिव्या मलाच.

मी एसी मेकॅनिक. सगळ्या दुबईचे एसी दुरुस्त करायचो, आमच्याच खोलीतला गळायचा. एकदा तो नेमका गावावर गळला, भिंती फुगल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर भाई खूश. "तिकडं पाऊस असाच पडतो. बारीक, आणि रोज."

पण माझा खरा पराक्रम केरसुणीचा. तिकडच्या घरांची छपरं गवताची. तसं गवत इथं कुठं मिळायचं? भाईंनी घरी पत्र टाकून दापोलीहून एक कोरी केरसुणी मागवली आणि दाराआड उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मला दिसली नवी केरसुणी! मी म्हटलं, वा, भाईंनी आपल्या सणाची आठवण ठेवली. पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भाई कात्री घेऊन आले, बघितलं, आणि कात्री खिशात घातली.

शेट्ये म्हणाला, "आता कापायची तरी कशी? लक्ष्मी आहे ती."

भाई म्हणाले, "तिला विचार, बाळ्या. इंग्लंडला जाते काय?"

मी खरंच हात जोडून विचारलं. ती काही बोलली नाही, म्हणजे हो. तर त्या गावात लोहाराच्या छपराला हळदकुंकू आहे. भाईंनी ते पुसू दिलं नाही.

मग आमची बिल्डिंग पाडायची नोटीस आली. बिल्डिंगचं वय सतरा वर्षं. "बुढी हो गई," वॉचमन म्हणाला. मी आणि शेट्येनं शारजाला अल मजाजमध्ये खोली बघितली. भाईंना कंपनीनं अल कूझच्या कामगारांच्या कॅम्पात टाकलं, खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. फळी ठेवायला वीतभर जागा नाही. गावाचं करायचं काय?

"भाई, टेन्शन नको. यल्ला, मी करतो बंदोबस्त." मी एका हॉटेलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, हबीबी, काउंटरवर ठेवू, फक्त छपरांवर आमचा मेनू चिकटवू. मी उड्या मारत येऊन सांगितलं. भाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी आपणहून जाऊन भांडी घासली.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी ब्लेड घेतलं आणि अकराच्या अकरा घरं फळीवरून सुटी केली. मास्तरांचं शेट्येला, बेकरीवाल्याचं वॉचमनला, एक खालच्या टेलरला. असं अख्खं गाव वाटून टाकलं. लोहाराचं माझ्या हातात.

"मला? भाई, मी मोडीन!"

"मोडलं तर फोन कर," ते म्हणाले आणि बॅग उचलून कंपनीच्या बसमध्ये चढले.

आठ दिवसांत मी टीव्हीची एरियल फिरवताना लोहाराच्या छपरावरची चिमणी मोडली. कॅम्पातल्या फोनवर फोन केला. शुक्रवारी भाई हजर, दोन बस आणि एक शेअर टॅक्सी करून. तीन मिनिटांत चिमणी बसवली आणि मग संध्याकाळपर्यंत बसले. शेट्येनं बांगडे तळले. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "आमच्या खोलीत आठ माणसं, बाळ्या. एकालाही आपली भाषा येत नाय." आणि हसले.

पुढच्या गुरुवारी मी लोहाराच्या घराचं दार मोडलं. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून काही मोडायला गेलो, तर मोडेना! काम इतकं पक्कं. शेवटी स्क्रूड्रायव्हर लावला. मग खिडकी. मग कुंपण. दर शुक्रवारी भाई यायचे, माझ्या हातांना नावं ठेवायचे, जोडायचे, आणि मग बांगडे.

एका गुरुवारी मी घर हातात घेतलं. जिथं तिथं गोंदाचे डाग. बिचाऱ्याला आणखी कुठं मोडू? हातच होईना. नुसता फोन केला, "भाई, चिमणी पडली."

ते आले. चिमणी जागेवर, सरळ. मी उगाच एसीकडं बघत उभा. शेट्ये मोरीत गेला तो बाहेर येईना.

भाईंनी चिमणी हलवून बघितली. मग खिशातून गोंदाची ट्यूब काढली, चिमणीच्या बुडाशी एक थेंब सोडला आणि अंगठ्यानं दाबून धरली.

"हे वाळायला वेळ लागणार," ते म्हणाले. "चहा टाक."