अख्खं शहर अविवाहित

माणसाचं लग्न झालेलं आहे की नाही हे चेहऱ्यावरून ओळखता येतं, हा एक गैरसमज आहे. ते डेटाबेसवरून ओळखायचं असतं. चेहरा दिवसातून दहा वेळा बदलतो. नोंद मात्र कुणीतरी बदलेपर्यंत जागची हलत नाही.

शहराच्या नोंदणी कार्यालयात हा 'कुणीतरी' म्हणजे टेबलभाऊ. डेटाबेसमध्ये माहितीचे जे तक्ते असतात त्यांना टेबल म्हणतात, आणि ते सांभाळणं हे त्याचं काम. पण हे नाव पडल्यापासून कार्यालयातली डुगडुगणारी लाकडी टेबलंही त्याच्याच गळ्यात पडली होती. (ती त्याने उत्तम दुरुस्त केली. त्याच्या बढतीच्या शिफारशीत उल्लेख तेवढाच आहे.) 'डेटाबेस-चालकांसाठी उपयुक्त स्क्रिप्ट व तंत्रे' ही पुस्तिकाही त्यानेच लिहिलेली; स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायचे लेखी हुकूम. हुकूम चालवण्याआधी मोठ्याने वाचावा, रोज बॅकअप घ्यावा, घरचं काम ऑफिसच्या डेटाबेसवर करू नये, अशी त्यातली तंत्रं होती. पुस्तिका वाचल्याची सही सगळ्यांनी आधीच केली असल्यामुळे ती वाचायची गरज कुणालाच उरली नव्हती.

अशा या माणसाचं लग्न ठरलं आणि लगेच अडलं. मुलगी त्याच कार्यालयात, समोरच्या खिडकीवर अर्ज घ्यायला बसायची. कुणाच्या तरी टायपिंगच्या चुकीने तिच्या नोंदीत 'विवाहित' असं पडलं होतं. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे शुद्धलेखन आणि चारित्र्य यांत ते फरक करत नसत.

"हे बघा," ते टेबलभाऊला म्हणाले, "कागदोपत्री माझी मुलगी आधीच कुणाची तरी बायको आहे. आधी ते निस्तरा. मग तारखेचं बोलू."

रीतसर दुरुस्तीला सव्वा वर्ष लागतं. टेबलभाऊचा मुलीवर जीव जडला होता आणि त्याला एवढा दम निघणार नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन ओळींचा हुकूम लिहिला. पहिली ओळ: वैवाहिक स्थिती 'अविवाहित' करा. दुसरी ओळ: जिथे नोंद क्रमांक तिचा असेल, फक्त तिथेच. आता या प्रणालीत एक सोय आहे. माउसने जेवढ्या ओळी निवडाव्यात तेवढ्याच चालतात. ओळी निवडत असताना टेबलभाऊने खिडकीकडे पाहिलं, ती हसली, आणि त्याचा हात पहिल्याच ओळीवर थांबला. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: चार लाख बारा हजार नोंदी बदलल्या. टेबलभाऊची पाचावर धारण बसली. प्रेमात पडल्यावर सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटतं खरं, पण त्याचा इतका व्यापक विचार नव्हता.

हुकूम मागे घ्यायची सोय होती. ती कामाचा वेग वाढावा म्हणून त्यानेच बंद केली होती (पुस्तिकेतलं तंत्र अकरावं). राहता राहिला बॅकअप. बॅकअपची स्क्रिप्ट रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा निरोप धाडायची. तपासल्यावर कळलं की साठवणीची जागा केव्हाच भरली होती आणि तेव्हापासून स्क्रिप्ट एकाही नोंदीची नक्कल न घेता नुसता निरोपच पाठवत होती. (माणसांच्या बाबतीत याला अनुभव म्हणतात.)

नोकरी जाणार आणि बेकाराला हेडमास्तर मुलगी देणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि ततपप करत त्याने सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "चूक झाली असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही साहेब."

"मग ती मोहीम आहे."

संध्याकाळी 'विवाह पुनर्पुष्टी मोहीम' जाहीर झाली. पती-पत्नींनी दिलेल्या मुदतीत स्वतंत्रपणे येऊन अर्ज करावा, म्हणजे नोंद पूर्ववत होईल. प्रत्येक सूचना 'इच्छुकांनी' या शब्दाने सुरू करायची, ही कार्यालयाची जुनी पद्धत. हीही तशीच सुरू झाली. त्या शब्दाचा अर्थ शहराने त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात घेतला.

पुढचे परिणाम समाधानकारक आहेत. घरगुती भांडणांत त्रेसष्ट टक्के घट झाली. नवरे उठल्याबरोबर स्वतःची चादर घडी करू लागले. बायका सासूच्या तब्येतीची आपण होऊन चौकशी करू लागल्या. "तुझा अर्ज झाला का गं?" हे वाक्य घरोघरी इतक्या गोड आवाजात बोललं गेलं की शेजारी दचकले. साहेबांच्या पत्नीने 'अर्ज विचाराधीन आहे' असं लेखी कळवलं. साहेब हल्ली भाजी आणतात, निवडतात आणि मिठाबद्दल बोलत नाहीत.

हेडमास्तर स्वतः कार्यालयात आले. टेबलभाऊने डोळे मिटून घेतले.

"मुलीची नोंद दुरुस्त झाली. शब्दाला जागलात," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमची मात्र तेवढी लवकर करून द्या. तिची आई म्हणतेय, घाई काय आहे."

लग्न झालं. त्या दिवशी शहरात बिनशर्त विवाहित असं ते एकमेव जोडपं होतं. टेबलभाऊला बढती मिळाली आणि तो फार आनंदात आहे.

इतर गावच्या वाचकांनी हसू नये. टेबलभाऊची ही एका ओळीची स्क्रिप्ट उपयुक्त ठरल्याने पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत घेतली आहे, आणि तुमच्या गावी ती गेल्याच आठवड्यात चालवण्यात आली. तुमच्या घरून चौकशीही होऊन गेली आहे. अर्ज कुठे मिळतो, असं विचारलेलं नाही. मुदत टळली तर काय होतं, एवढंच विचारलंय.