आत हिंडता येईल असं चित्र

घोडमारे सर कॉम्प्युटरसमोर बसून उजवीकडे वळायचे, तेव्हा खुर्चीसकट वळायचे. पडद्यावर पायऱ्या आल्या की त्यांना धाप लागायची. एकदा एका पोराच्या किल्ल्यात बुटका दरवाजा आला, तर सर वाकले आणि त्यांचं कपाळ कीबोर्डवर आदळलं.

"लागलं का सर?"

"लागनच न! दरवाजा चांगला केला लेका."

वर्ध्याच्या आमच्या कला महाविद्यालयात ते चित्रकला शिकवायचे. मी कॉम्प्युटरची खोली सांभाळायचो. दोन हजारनंतरची ती वर्षं. कॉलेजात सहा कॉम्प्युटर नवे आले होते आणि पोरं त्यावर चोरून धडाधड गोळ्या झाडायचे खेळ खेळायची. एक दिवस सर मागे येऊन उभे राहिले. पोरं गार.

"यातली बंदूक काढून टाकली त काय उरते?" सरांनी विचारलं.

"काहीच नाई सर. नुसतं हिंडणं."

"मंग तेच पाह्यजे मले."

त्या वर्षापासून शेवटच्या वर्गाला सरांनी काम लावलं: आत हिंडता येईल असं चित्र काढा. पोरांनी राजवाडे काढले, चंद्र काढला, समुद्राचा तळ काढला. सर प्रत्येकात हिंडून यायचे आणि एकच शेरा द्यायचे, "इथं कोणी चाललंच नाई कधी." मग पोराला बाहेर हाकलायचे. घरापासून गिरणीपर्यंत पायी जा, पाऊल कुठे अडखळते ते लिहून आण.

आष्टीच्या सुषमाने बाजाराचा दिवस संपल्यावरचं रिकामं मैदान केलं. पालं उठलेली, खाली नुसत्या भाजीच्या काड्या. नागपूरहून आलेले परीक्षक म्हणाले, "यात काहीच नाही." सरांनी माउस त्यांच्या हातात दिला. "घाई काऊन करता? चाला." परीक्षक चालले. पाचेक मिनिटं चालतच राहिले. सुषमा पास झाली. सरांनी तिला शाबासकी दिली नाही, "त्या काड्या बऱ्या जमल्या" एवढंच म्हणाले.

माझी अडचण वेगळीच होती. दर शनिवारी सर एक कॉम्प्युटर घेऊन जायचे. मॉनिटर रजईत गुंडाळलेला, सीपीयूचा डबा मांडीवर, आणि हिंगणीची एसटी. कंडक्टर म्हणायचा, "सर, पोराचं अर्धं तिकीट काढा." प्राचार्यांची परवानगी होती, पण रजिस्टरवर सही माझी होती. सर घरी बसून लग्नपत्रिका छापतात, अशी कॉलेजात कुजबुज सुरू झाली. शेवटी एका शनिवारी मीच म्हटलं, "मीही येतो."

"येजो," सर म्हणाले. "रजई धराले कोणी पाह्यजेच."

हिंगणीत सरांचे थोरले भाऊ राहत होते. लग्न दोघांनीही केलेलं नव्हतं. दादा आयुष्यभर पोस्टमन. सायकलवर आसपासची खेडी पालथी घातलेला माणूस अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेवर होता. शेजारच्या बाई दोन वेळा जेवण आणून देत.

सरांनी खाटेजवळ स्टुलावर कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर सरांनी स्वतः केलेली हिंगणीची गल्ली आली. भिंती ओबडधोबड, झाडं म्हणजे नुसते हिरवे गोळे. पण दादांचे डोळे लकाकले. बोलणं जड होतं, तरी हुकूम सुटू लागले.

"डाव्या अंगाले. हळू, तिथं नाली हाय."

सर खुर्चीसकट डावीकडे वळले.

"थांब. इथं थांब."

"इथं पत्र कोणाचं, दादा?"

"कोणाचंच नाई. म्हातारी वाट पाह्यते. थांबून 'आज नाई' म्हनाव लागते."

सर थांबले.

दर शनिवारी थोडं थोडं वाढत गेलेलं गाव त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटपर्यंत हिंडून झालं. शेवटच्या वळणावर रस्ता संपला आणि पुढे नुसता करडा पडदा.

"आपलं घर कुठी हाय?" दादांनी विचारलं.

"ते राह्यलं, दादा. पहिले तुमच्या वाटेचं गाव केलं."

दादा म्हणाले, "अन् टपाल वाटून झाल्यावर मी जाऊ कुठी?"

सर वायर गुंडाळत राहिले. गुंडाळलेली पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

सोमवारी मी खोली उघडली, तर सर आधीच दारात उभे.

"चित्रातल्या घराचं दार कायम उघडं ठेवाचं असलं त काय करा लागते?"

मी म्हटलं, "सोपं आहे सर. दार करूच नका, नुसती चौकट ठेवा."

"नाई," सर म्हणाले. "दार पाह्यजे. कोनीतरी उघडून ठेवलं, असं दिसाले पाह्यजे."