कोबेचा उजवा कान

मांडवीत तात्यांच्या घरी जायचं तर आधी त्यांच्या कुत्र्याला नमस्कार करावा लागे. हात जोडून नव्हे, तर हात मांड्यांना चिकटवून, कमरेतून वाकून, जपानी रीतीने. मी तेव्हा नवाकोरा बी. ए. होतो, रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत मास्तर होतो, आणि तरीही मी त्या कुत्र्यापुढे वाकलो आहे. पहिल्याच दिवशी दोनदा वाकलो, कारण पहिल्या खेपेला तात्या म्हणाले, "मास्तर, हंडा उचलायला वाकल्यागत नको. पाठ सरळ ऱ्हायली पायजे."

त्यातून मला कुत्र्यांची भीती. वर्गातली चाळीस मुलं मला घाबरत आणि मी गल्लीतल्या कुत्र्यांना. त्यामुळे त्या नमस्कारात शिष्टाचार कमी आणि शरणागती जास्त होती. कुत्र्याला बहुधा ते कळत असावं. तो माझ्याकडे बघून जांभई देई.

तात्या म्हणजे आगबोटीवरचे निवृत्त सुकाणी. उंच, वाळलेले, डाव्या पायाने किंचित लंगडणारे. आमच्या बिऱ्हाडापासून चार घरं सोडून समुद्राच्या बाजूला त्यांचं कौलारू घर होतं. बायको कधीच वारलेली आणि मुलगा मुंबईच्या गोदीत. तो शिमग्याला यायचा, पालखी नाचवायचा आणि परत जायचा. उरलेलं वर्ष तात्या आणि कोबे. जपानातल्या ज्या बंदरात तात्या एकदा तीन महिने अडकून पडले होते, त्याचंच नाव त्यांनी कुत्र्याला दिलं होतं.

"ह्यो अकिता," पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला तात्या सांगत. "असली जात. शेपूट बगा आदी, मंग बोला."

शेपूट पाठीवर गोल वळलेली होती, हे खरं. तांबूस रंगही होता. मग तात्या सुरू होत. जपानच्या उत्तरेला म्हणे माणूसभर बर्फ पडतं. तिथले शिकारी ह्या कुत्र्यांना घेऊन अस्वलाच्या मागे जातात. अस्वल दिसलं की कुत्रा भुंकत बसत नाही, त्याला अडवून धरतो. जुन्या सरदारांच्या पदरी हे कुत्रे असत आणि कुत्र्याच्या गळ्यातली दोरी बघून त्याचा मान किती ते लोकांना कळे. त्यांच्याशी बोलायची भाषासुद्धा वेगळी होती. ही भाषा तात्यांना येई, म्हणजे त्यातले चार शब्द येत. त्यांतले दोन चारचौघांत उच्चारण्याजोगे नाहीत, असं मला पुढे एका खलाशाने सांगितलं. तोवर मी ते वर्गात जपानी संस्कृतीचा नमुना म्हणून ऐकवले होते.

रविवारी संध्याकाळी तात्यांची पडवी भरलेली असे. आमचे पोस्टमास्तर, कापडदुकानदार, मासळी विकून परतणाऱ्या दोन-तीन बायका आणि शेजारपाजारची पोरं, सगळे वाकून आत येत आणि बिनकानाच्या जपानी पेल्यांतून चहा पीत. पेले सहाच, म्हणून पाळीपाळीने. हा चहा मी पितो हे माझ्या आईला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर मला गोमूत्र प्यावं लागलं असतं, आणि तेही घरच्याच पेल्यातून.

तात्यांचा आणखी एक नेम होता. मांडवीत कुणाकडे मूल झालं की बारशाला ते मातीचा एक कुत्रा घेऊन जात. स्वतः घडवलेला, गेरूने रंगवलेला, दोन्ही कान ताठ. "जपानात पोर झाला की कुत्रा पाटवतात. पोर धष्टपुष्ट ऱ्हातो," असं म्हणून ते तो पाळण्याच्या पायथ्याशी ठेवत. पहिल्या वेळी म्हाताऱ्या बायकांनी नाकं मुरडली. मग कुणीतरी म्हणालं, दत्ताच्या पायाशी नाही का चार असतात? झालं. तेव्हापासून कुत्र्याशिवाय बारसं पुरं होईना.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण माझं शिक्षण आडवं आलं.

गावातल्या वाचनालयात एक इंग्रजी साप्ताहिक येई. ते माझ्याखेरीज कुणी वाचत नसे आणि मीही मुख्यतः लोकांनी बघावं म्हणून वाचत असे. एकदा त्यात अकिता कुत्र्यांवर चांगला दोन पानी लेख निघाला, फोटोसकट. परदेशी कुत्र्यांशी संकर होऊन मूळ जात हरवत चालली होती, म्हणून तिथल्या सरकारने आता ती जतन करायला घेतली आहे, असं त्यात होतं. मी लेख वाचला, फोटो बघितला, आणि मला जो आनंद झाला तो एखाद्या पोलीस फौजदाराला व्हावा असा होता.

त्या रविवारी मी साप्ताहिक काखेत मारून तात्यांकडे गेलो. भरल्या पडवीत घसा साफ केला आणि वाचून, भाषांतर करून दाखवलं. अंगावर दाट दुहेरी लोकर. कोबेच्या अंगावरच्या फासळ्या मोजता येत होत्या. छाती रुंद. कोबेची छाती माझ्यासारखी होती. "आणि कान," मी फोटो सगळ्यांपुढे धरला, "दोन्ही कान ताठ, टोकदार. असली अकिताचा कान कधी पडत नाही."

सगळ्यांनी कोबेकडे बघितलं. कोबेचा डावा कान ताठ होता. उजवा मधोमध मोडून डोळ्यावर आला होता.

"खारी हवा," तात्या म्हणाले. "कानात मीठ बसतं. वजनानं पडतो."

"मग डाव्या कानात का नाही बसलं?" मी विचारलं.

पडवी हसली. पोस्टमास्तरांना तर ठसका लागला. तात्याही हसले, पण हातातला पेला खाली ठेवून त्यांनी उगाच धोतराचा सोगा झटकला. मी मात्र घरी येईपर्यंत तरंगत होतो. एका अडाणी सुकाण्याला मी सप्रमाण हरवलं होतं! बायकोला सगळं साभिनय सांगितलं. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, "आणि हे करून काय मिळवलंत?"

मला वाटलं, बाईमाणसाला ज्ञानाची किंमत काय कळणार?

पुढच्या रविवारी पडवीत चौघे होते. त्याच्या पुढच्या रविवारी दोघे. कुणी रागावलं नव्हतं, कुणी तात्यांना खोटारडा म्हटलं नव्हतं. पण गावठी कुत्रा सगळ्यांच्याच दारात होता. तो बघायला चार घरं चालून कोण जाईल? मीही जाईनासा झालो. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

आम्हाला मुलगी झाली. बारसं दोन दिवसांवर आलं तरी तात्यांचा निरोप नाही, काही नाही. बाळंतिणीच्या खोलीतून बायकोने मला हाक मारली.

"माझ्या मुलीच्या पाळण्याशी कुत्रा हवा."

"अगं, ती नुसती एक समजूत—"

"असू दे. तुम्ही घालवलात, तुम्ही आणा."

गेलो. पडवीत सहाही पेले विसळून पालथे घातले होते. तात्या पायरीवर बसले होते आणि कोबे त्यांच्या दुखऱ्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. मी हात मांड्यांना चिकटवले आणि वाकलो.

"आता कशापायी वाकताव?" तात्या म्हणाले. "गावठी हाय त्यो."

"तात्या, लेखात चूक असू शकते..."

"लेख बरोबर हाय. मना काय म्हाईत नाय? मिरकरवाड्यात पालथ्या होडीखाली जलमला ह्यो. पाच व्हती, चार गेली. ह्यो तेवढा ऱ्हायला." त्यांनी कोबेचा मोडका कान हाताने उभा केला. सोडल्यावर तो पुन्हा पडला. "पण मास्तर, गावठी कुत्रा बगायला कोन येतंय वो? जपानचा म्हटल्यावर मानसं आली. बसली, च्या प्याली. माजी बायको गेल्यावर ह्या पडवीत पयल्यांदा मानसं बसली."

बी. ए. ला हा विषय नव्हता.

"बाकी सगळा खरा हां," तात्या म्हणाले. "बरफ, आस्वल, सरदाराची दोरी, सगळा. तकडं माजा पाय मोडला आनि बोट मना टाकून गेली. एका म्हातारीनं घरात ठेवून घेतला. ती मूळची बरफाकडची. तिचा असली अकिता व्हता. म्हातारीची भाषा मना येईना, माजी तिला येईना. तीन म्हयनं माज्याशी कोन धड बोलला नाय. पण त्यो रोज यायचा आनि असाच पायावर त्वांड ठेवून बसायचा. सगळा खरा, मास्तर. कुत्रा तेवढा खोटा."

लेखाच्या शेवटी एक गोष्ट होती. कानांपर्यंत पोचायच्या घाईत ती मी त्या दिवशी वाचली नव्हती. ती आता सांगितली. जपानातला असाच एक कुत्रा मालक मेल्यावरही वर्षानुवर्षं रोज स्टेशनवर जाऊन त्याची वाट बघत बसतो, आणि सगळा देश त्याचं कौतुक करतो.

तात्यांनी ऐकून घेतलं. "वाट बगनारा कुत्रा पेपरात येतो," ते म्हणाले आणि पालथ्या पेल्यांकडे बघत राहिले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. त्या वेळी मात्र लपवलं. "तात्या," मी म्हटलं, "परवा माझ्या मुलीचं बारसं आहे. तुम्ही कुत्रा घेऊन यायला हवं. दोन्ही कुत्रे."

"खोटा चालंल?"

"चालेल."

बारशाला आमचे हेडमास्तर होते, पोस्टमास्तर होते, सगळी मांडवी होती. तात्या उशिरा आले. आगबोटीवरचा जुना निळा कोट घातलेला, बगलेत फडक्याचं गाठोडं, मागे कोबे. अंगणात येऊन ते थबकले. पोस्टमास्तर मिशीत हसले. "या तात्या. जपानचे पाहुणे आले वाटतं?"

आता उत्तर द्यायचं माझ्यावर होतं. मी पायऱ्या उतरलो, हेडमास्तरांच्या देखत कोबेपुढे उभा राहिलो आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकलो. कोबेने जांभई दिली.

"माझी चूक झाली होती," मी वळून वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो. "डाव्या कानात मीठ का बसलं नाही, असं मी विचारलं होतं. रत्नागिरीला समुद्र एकाच बाजूला आहे. दोन्ही कानांत बसेल कसं?"

लोकांनी क्षणभर विचार केला. मग कापडदुकानदार म्हणाला, "बरोबर हाय." मास्तर म्हणतो म्हणजे छापलेलंच असणार! एक मासळीवाली बाई टोपली खाली ठेवून वाकली. मग पोरं वाकली. शेवटी पोस्टमास्तर वाकले, आणि तात्या त्यांना म्हणाले, "पाठ सरळ."

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत अशास्त्रीय विधान. आणि लोकांनी मनापासून मान्य केलेलं असं माझं हे एकच.

मग तात्या आत गेले, पाळण्याशी बसले आणि फडकं सोडलं. मातीचा कुत्रा नेहमीचाच होता. गेरूचा रंग, पाठीवर गोल शेपूट. पण डावा कान ताठ होता आणि उजवा मधोमध वाकवून डोळ्यावर आणला होता. तात्यांनी तो पाळण्याच्या पायथ्याशी ठेवला आणि माझ्याकडे न बघता मुलीच्या पायावरचं दुपटं सारखं केलं.

पुढच्या रविवारपासून पडवी पुन्हा भरू लागली. मीही जाई, वाके, पाळी आली की चहा पिई. तात्या आणि कोबे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो मातीचा कुत्रा आमच्या फळीवर आहे. आल्यागेल्याचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि कुणीतरी हमखास हळहळतं, "अरेरे, कान मोडला वाटतं याचा?"

"मोडला नाही," मी सांगतो. "तसाच केलाय. असली आहे."